देवळीतला खडा

दहाव्याच्या दिवशी तरी सुनेनं घरात असावं की नाही? तेही सासऱ्याच्या दहाव्याला? पहाटेपासून बायनाला हाका मारून माझा घसा बसला. शेवटी शेजारची वच्छलाबाई घागर घेऊन आली आणि खालच्या आवाजात म्हणाली की तुमची सून गंगेत वाकून काहीतरी धुंडतेय. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मी काय समजायचं ते समजले. सासऱ्याचा पिंड पडायचा आहे आणि ही दगड वेचायला गेली.

तिची ही खोड लग्नापासूनची. धारूरच्या डोंगराकडची पोर. जिथं दगडाशिवाय काही पिकत नाही तिथून आली, आणि तिला नवलाई दगडाचीच. पाण्याला गेली की घागर काठावर आणि ही गोट्यांत. गारा, म्हणजे गारगोट्या, वेचायची. मधाच्या रंगाच्या, दुधाच्या रंगाच्या, कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या. पदरात बांधून आणायची आणि येताना तोंड असं, की माहेरचं माणूस भेटलंय. पाटलाची सून मजुरणीसारखी वाकते, हे मला चारचौघींत ऐकावं लागायचं, आणि मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. त्या गारा ती चिंध्यांत बांधून गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत लपवायची. मला ठाऊक होतं. घरात माझ्या नजरेआड काही राहत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

साल मानमोडीचं. ताप यायचा, मान टाकायची, संपलं. काठावर रोज दोन-चार दहावे. आमचे मालक तापाच्या तिसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी बाया भेटायला आल्या, त्यांतल्या एकीनं मला विचारलं, सून सुतकातसुद्धा खडे खेळते का हो. बाया उठल्या तशी मी गोठ्यात गेले. देवळीतली गाठोडी काढली, एकेक सोडली, दगड टोपलीत ओतले आणि दरडीवरून खाली गंगेच्या गोट्यांत भिरकावले. चिंध्या मात्र ठेवल्या. त्या साली कापड डोळ्याला दिसत नव्हतं, आणि मी सुतळीचा तुकडाही टाकणारी नव्हे. धुतल्या, पिळल्या, दोरीवर वाळत घातल्या.

बायना विहिरीवरून आली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, तुझी जहागीर गंगेला दिली म्हणून.

"समदंच, आत्याबाई?" तिनं विचारलं.

समदं, म्हटलं. ती "त्यात एक" एवढंच बोलली आणि मी तिला तिथंच तोडलं. सुतकाच्या घरात दगडांसाठी तोंड उघडतेस म्हणाले. आणखी बरंच म्हणाले. तिच्या माहेरापर्यंत गेले. ते सगळं इथं लिहायची मला लाज वाटते.

तर दहाव्याच्या सकाळी मी असे तिच्या नावानं खडे फोडत उभी होते, तेवढ्यात माझा मुलगा रामहरी ओल्या धोतरानं गोठ्यातून बाहेर आला. चेहरा राखेसारखा.

"आई, देवळीतला जीवखडा कुनी हलवला?"

चितेला फेरे घालताना खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तो जीवखडा. दहा दिवस गेलेलं माणूस त्यात असतं. रोज त्याला तीळपाणी द्यायचं आणि दहाव्याला पिंड झाला की तो गंगेत सोडायचा, म्हणजे माणूस सुटतं. हा पुरुषांचा मामला. बाया त्याकडं बघत नाहीत. सुतकाचा खडा उंबऱ्याच्या आत नको म्हणून पोरानं तो गोठ्यात ठेवला होता आणि मला ते माहीत नव्हतं.

मी दोरीकडं पाहिलं. रंगीत चिंध्यांच्या मधोमध एक कोरी पांढरी पट्टी लोंबत होती. मालकांच्या अंगावर घातलेल्या कापडाची. ती मी माझ्या हातानं पिळली होती.

अंगणात भावकी बसलेली, न्हावी वस्तरा लावतोय. जोशीबुवांना त्या दिवशी आणखी चार दहावे होते. सूर्य कासराभर वर यायच्या आत आमचा उरकायचा होता. मी रामहरीला बाजूला घेऊन विचारलं, दगड दिसायला कसा होता. काळा, मुठीएवढा, म्हणाला, त्या वेळी कोण बघतं. मग मान खाली घालून म्हणाला, दुसरा एखादा काळा घेऊ का, कुणाला कळणार?

मला हो म्हणता आलं असतं. पण त्या साली काठावर कितीजणांचे खडे पडले होते. कुणाचा तरी धनी उचलून आणायचा आणि त्याला माझा म्हणून पाणी द्यायचं, हे माझ्यानं होईना. मी त्याला थांब म्हटलं आणि तशीच अनवाणी निघाले.

बायना दरडीखाली होती. उगवत्या उन्हाकडं तोंड करून, वाकून, पावलापावलानं सरकत होती. पहाटेपासून लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. एका चपट्या दगडावर तिनं पाच-सात काळे खडे मांडून ठेवले होते, त्यांतला एकही तो नव्हता म्हणे. मला बघून ती दचकली नाही. काल टोपली कुठून उलटी केली, एवढं विचारलं. मी दाखवलं. मग मला विचारावंच लागलं.

"कसा हाय त्यो?"

"रोज पानी देताना दिसायचा. काळा. एका अंगानं चपटा," ती म्हणाली. "मधनं पांढरी शीर गेलीय, केसावानी. आन् टोकाला उडदाएवढा खळगा हाय. मामंजीच्या उजव्या अंगठ्याला व्हता ना, तसा."

चाळीस वर्षं त्या हातावर पाणी घातलं मी. तो हात धुतला, चेपला, शेवटी तिरडीवर बांधतानाही पाहिला. अंगठ्याला खळगा होता, हे मला आठवेना. तू कधी पाहिलास, असं विचारलं तर ती सहज सांगून गेली की मामंजी गोठ्यात आले की गारा बघायला मागायचे. अंगठ्यानं पुसायचे आणि उन्हात धरायचे. तुमच्या आत्याबाईला सांगू नका म्हणायचे.

मी तिच्या शेजारी वाकले. तिनं सांगितलं तसं उन्हाकडं तोंड केलं, ओंजळीनं पाणी शिंपलं. कोरडे गोटे सगळे सारखे, ओले झाले की एकेकाचं तोंड निराळं. काळा शोधता शोधता हातभर अंतरावर काहीतरी पेटलं. वात असावी तसं, आतून. मी उचललं. कालच्या टोपलीतलं की गंगेचं, देव जाणे. लालसर गार, आत पिवळी वलयं, एकात एक. मागं महसुलाचे गिरदावर साहेब आमच्या ओसरीवर बसले होते, त्यांच्या अंगठीतल्या अकीकाच्या खड्याची मी तोंडभर तारीफ केली होती. हाच तो दगड. माझ्या छातीत असं काही उडालं की मी पोरीसारखी हसले. आवाज निघाला तोंडातून.

आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळ पांढरं, नवरा गोट्यांत पडलेला, आणि मी हसतेय. बायनानं मान वर केली नाही. ऐकलं तर असणारच. गार टाकून द्यायला हवी होती. मी ती कनवटीला लावली.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. जीवखड्याला तिनं हात लावला नव्हता, नुसतं बोट दाखवत होती. मी उचलला, पाण्यात बुडवला. केसासारखी शीर वर आली. टोकाचा खळगा सापडला, त्यात अंगठा ठेवून मी घरी येईपर्यंत काढला नाही.

त्याच पांढऱ्या पट्टीत बांधून खडा रामहरीच्या हातात दिला. पिंड ठेवताच कावळा शिवला, असं तो परत आल्यावर म्हणाला. बाया म्हणाल्या, पाटलीणबाईंनी सगळं कसं रीतीनं केलं. मी ऐकून घेतलं. बायना त्यांना पाणी देत होती. ती एक शब्द बोलली असती तर माझं तोंड काळं झालं असतं. ती बोलली नाही.

ऊन कलल्यावर मी गोठ्यात गेले. ती शेण काढत होती. कनवटीची गार काढून मी रिकाम्या देवळीत ठेवली. हातातलं घमेलं तसंच धरून ती बघत राहिली. दुपारभर मी काय काय जुळवलं होतं, त्यातलं काहीच तोंडात येईना. शेवटी जे आलं ते बोलले.

"काल तू सांगत व्हतीस, मीच ऐकलं न्हाई. चूक माजी हाय. ही देवळी आजपसून तुजी. हिला कुनी हात लावला, तर त्याचा हात धरायचा. माजाबी."