पांढरीतली राख

बहिरूला एक खोड आहे. काही लपवायचं असलं की तो जेवताना फार गोड बोलतो. त्या दुपारी म्हणाला, भाकरी मऊ झालीय, ठेचा झकास झालाय. पन्नास वर्षांचा घोडा, माझ्याच पोटचा. त्यानं माझ्या ठेच्याचं कौतुक केलं की मी समजते, कुठंतरी घाण करून आलाय.

काय घाण ती तासाभरापूर्वीच मला कळली होती. सुरगाण्याकडची चिमणाबाई दारात येऊन गेली होती. नदीकाठी आमच्या गावाची पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड. जुनी वस्ती शोधायला तिथं दोन महिने मेहविश मॅडमचं खोदकाम चाललंय. चिमणाबाई आणि तिचा नवरा सोमा तिथं मजुरीला, आणि माझा बहिरू मुकादम. पाण्यासाठी नेलेला माठ तिनं घासून परत आणला होता.

"का गं, काम संपलं?"

"आमचा संपला, आजी. म्याडमनी ह्याला उद्यापासून नको सांगला. ह्यानं भट्टी फोडली म्हणं."

"फोडली त्यानं?"

"तो नाय म्हणतो. पण मुकादमानंच सांगला, मग ह्याचा कोण ऐकल?"

माठ ओट्यावर ठेवला आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. पाचच्या एसटीनं दोघं जाणार होती.

त्या भट्टीचं बहिरू महिनाभर घरात सांगत होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा आवा सापडलाय, भोवती वाकडी झालेली, करपलेली मडकी पडलीत. आम्हीही कुंभारच. आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही, पण चाकापर्यंत जाणारी माती मीच तयार करायची. मळायची मी, राख चाळून घालायची मी, आवा रचायची मी. माझ्या हातची माती कधी तडकली असं या निफाड तालुक्यात कुणी सांगावं.

मी त्याच्या ताटात भाकरी टाकली. विचारलं, "बहिरू, आवा कुठल्या अंगानं फुटलाय?"

"नदीच्या."

"जुन्या बाभळीच्या बुडाशी?"

त्याचा घास हातातच राहिला.

"तिथनं राख मी काढली होती," मी म्हटलं. "तुझ्या लग्नाच्या वर्षी. कुदळ माझी, घमेली तू वाहिलीस."

"आई, हळू बोल. ती जागा सरकारच्या ताब्यात हाय. पांढरी कुणी उकरली ते विचारत्यात आता. तुझं नाव निघालं असतं."

"म्हणून सोमाचं काढलंस."

"त्याचं काय एवढं? द्राक्षाच्या बागेत कामाला लागंल."

"आणि माती? बुजवलेल्या खड्ड्याची माती मऊ असती. त्यावरनं जुना खड्डा हाय हे त्या बाईला कळलं कसं नाय?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मॅडम नाशिकला होत्या. मऊ माती मीच काढून फेकली. आपल्या गोणीची सुतळी निघाली त्यात."

माझी सून सविता हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडं बघत होती. मी चपला घातल्या. ती बरोबर आली. पांढरी आमच्या घरापासून लांब नाही, पण माझे गुडघे आता हिशोब चुकवतात. दोनदा बांधावर टेकले. सगळा जन्म माती वाहिली आणि आता स्वतःचं अंग वाहून न्यायचं म्हणजे सून लागते.

खड्ड्यात उतरायला मातीच्याच पायऱ्या होत्या. खाली मेहविश मॅडम ब्रश घेऊन बसली होती. मालेगावची, यंत्रमागवाल्यांच्या घरातली पोरगी. तिच्यासमोर लाल भाजलेल्या मातीचं अर्धं कडं होतं. उरलेलं अर्धं मी नेलेलं.

जाळ घालायचं तोंड मावळतीला ठेवलेलं. वारा तिकडनंच येतो, मीही तसंच ठेवायची. ज्यानं तो आवा रचला तो माणूस कामातला होता.

"मॅडम, हे सोमानं नाय फोडलं. मी फोडलं. तीस वर्षं झाली."

तिला आधी पटेना. मग मी सगळं सांगितलं. वर घुमट होता, आतून पोकळ. हात घातला तर राख, इतकी बारीक की चाळायलाही नको. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घुमट कुदळीनं पाडला, भाजकी माती कुटली आणि चिखलात मिसळली. त्या वर्षी माझा एकही रांजण तडकला नाही.

सुतळीचंही सांगितलं. बहिरू मागोमाग येऊन वर उभा होता. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्यानं गळ्यातली मुकादमाची शिट्टी मुठीत धरली.

"घुमट किती उंच होता, आजी?" तिनं वही काढली.

"माझ्या कंबरेएवढा."

"वर भोकं होती?"

"तीन बघितली. जास्त असतील. मला राख पायजे होती, मी मोजत बसले नाय."

तिनं लिहून घेतलं आणि त्या अर्ध्या कड्यावरनं बोट फिरवलं. म्हणाली, "असा अख्खा घुमट मला कुठंच बघायला मिळाला नाही."

मी बघितलाय. एरवी मी हे गावभर मिरवलं असतं. तेव्हा वाटलं, खाली बसावं, तर खड्ड्यात बसायलाही जागा नव्हती. सगळीकडं त्या माणसाची मडकी.

मॅडमनं गाडी काढली आणि फाट्यावरून दोघांना घेऊन आली. सोमाच्या डोक्यावर बोचकं होतं, ते त्यानं खाली ठेवलंच नाही. मॅडम त्याला म्हणाली, "सोमा, चूक माझी झाली. मी तुला विचारायला पाहिजे होतं."

"मी सांगला होता, माती मऊ लागली," सोमा म्हणाला. "मुकादमाला सांगला होता." मग चिमणाबाईकडं बघितलं. "राह्याचा का जायाचा, ते हिला विचारा."

चिमणाबाई म्हणाली, "ह्या मुकादमाच्या हाताखाली नाय राह्याचा."

बहिरू माझ्याजवळ आला. चार लोकांत आवाज खाली घेऊन म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठी केलं."

मी आवाज खाली घेतला नाही.

"माझ्यासाठी म्हणू नको. माझं नाव निघालं असतं तर मी आज दिलं तसंच दिलं असतं. लाज तुला होती, मुकादमाच्या आईनं पांढरी उकरली म्हणतील याची. त्यापायी तू दुसऱ्याच्या हाताला बट्टा लावलास, आणि त्याचं पोट त्या हातावरच हाय. तू मुकादम राह्यच्या लायकीचा नाहीस, बहिरू. शिट्टी दे मॅडमकडं आणि घरी चल."