तांबूस बगळा

पाटोद्याच्या मन्मथप्पाचा जन्म लग्नाचे फोटो काढण्यात गेला. नवरा कोणता, हे त्याला कधी विचारावं लागलं नाही. बाशिंग दिसलं की झालं. म्हणून दूध संघानं शाळांसाठी तालुक्यातल्या पाखरांचं ओळख-पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यात काय अवघड म्हणून त्यानं काम अंगावर घेतलं. व्हला, टिटवी, कोतवाल, सगळे झाले. गडी अडला तो साध्या बगळ्यावर.

त्या साली ओढे कोरडे ठाक. बगळे सगळे संघाच्या चारा छावणीत, म्हशींच्या पाठीवर. त्यातला एक छबुबाईच्या म्हशीवर बसलेला, डोकं आन् छाती तांबूस. फोटो झकास आला. पण तेवढ्यात छावणीचा कारकून बंकट गेरूचं डबडं घेऊन आला. चारा दिलेल्या जनावराच्या पाठीवर तो पट्टा ओढायचा, कुणी दुसऱ्यांदा पेंढी उचलू नये म्हणून. बगळा बसायचा तो नेमका ओल्या पट्ट्यावर.

पावसाच्या तोंडावर बगळा आपोआप तांबूस होतो, असं मन्मथप्पानं ऐकलं होतं. मग हा रंग बगळ्याचा की बंकटचा? संध्याकाळी पान छापायला जाणार होतं. गेरू निघाला तर पुस्तक बघून लेकरं चुकीचा बगळा शिकतील.

"बंकट, बगळ्याला तूच रंगवलं का रं?"

"मी चारा खाणाऱ्याला रंगवतो, अप्पा. बगळ्याची पावती न्हाई माझ्याकडं."

"छबुमावशी, ह्यो आधीपासून असाच हाय का?"

"मी म्हशीकडं बघू का बगळ्याकडं? नवरदेव झाला असंल."

"मग नवरी कुठली?"

छबुबाईनं शेजारच्या बगळ्याकडं बोट केलं. तोही तसाच तांबूस. मन्मथप्पाचं डोकं गरगरलं. दोघांनाही बाशिंग!

"घागरभर पाणी द्या, मावशी. भिजला की कळंल."

"माझ्या डोक्यावर पाणी पडून लई दिस झाले, आन् तुझ्या बगळ्याला आंघोळ?"

"मग बंकट, आज म्हशीला पट्टा मारू नको."

"पट्टा न्हाई तर चारा न्हाई," बंकट म्हणाला.

"मारू नको म्हणं!" छबुबाई अप्पावर उखडली. "मग तूच भर तिचं पोट."

मन्मथप्पानं म्हशीच्या बरगड्या बघितल्या आणि तो बाजूला सरकला. बंकटनं पट्टा ओढला. बगळा उडाला, एक गिरकी घेऊन परत ओल्या गेरूवर बसला आणि मान वाकवून ती पट्ट्यावरच घासू लागला. आता तर काहीच कळेना.

संध्याकाळी संघातून फोन आला. "अप्पा, बगळा पाठवताय ना?"

"ते पान थांबवा."

"अहो, लेकरं आधी बगळाच शोधतील! कधी देता मग?"

"पाऊस पडून छावणी उठल्यावर," मन्मथप्पा म्हणाला.