कृष्णनाथाचं गाऱ्हाणं

"लघवीचा काही त्रास? रात्री उठावं लागतं?" डॉक्टरांनी विचारलं.

कृष्णनाथाची नजर शेजारी केसपेपर लिहीत बसलेल्या नर्सकडे गेली. समीक्षा. त्याच्याच वाड्यावरची सून. तिला मूल व्हावं म्हणून त्यानेच देवळात गाऱ्हाणं घातलं होतं.

"कायएक त्रास ना," तो म्हणाला.

"मग प्रोस्टेटच्या कॅन्सरची ही रक्ताची तपासणी इथे होणार नाही. तक्रार असली तर सरकार खर्च करतं. धडधाकट माणसांची सरसकट करावी का, यावर मोठ्या डॉक्टरांचंच एकमत नाही. उगाच घबराट होते, नको ती ऑपरेशनं होतात. हवीच तर बाहेर पैसे भरून करा."

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. खोटं कृष्णनाथ बोलला होता.

पेडण्याकडच्या त्या गावात गाऱ्हाणं घालावं ते कृष्णनाथानेच. कुणाची गाय आटली, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाचं पोट दुखतंय, सगळं तो नाव घेऊन खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचा आणि मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणायची. दुसऱ्याच्या दुखण्याला त्याची जीभ कधी अडखळली नाही. स्वतःचं मात्र तोंडातून निघेना.

घरी त्याच्या बायकोने, गंगेने कपाळाला हात लावला. मांद्र्याच्या तिच्या भावाचा हाच कॅन्सर पैसे भरून केलेल्या तपासणीत वेळेवर सापडला होता, म्हणून तर तिने नवऱ्याला पाठवलं होतं.

"गावाचा दुखणा देवाक सांगतास, आनी आपला डॉक्टराक सांगूक लाज?"

"समीक्षा बसलेली थंय."

"मगे भावाकडे पैसे मागतंय."

"मेव्हण्याच्या पैशान? माका नाका."

पुढच्या जत्रेपर्यंत त्याची कंबर धरली. रोग हाडांत पोचला होता. आता मात्र सगळ्या तपासण्या सरकारी खर्चाने झाल्या.

जत्रेच्या दिवशी तो काठी टेकत देवळात आला. आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं, म्हणून पुतण्या रुद्रेश पुढे उभा राहिला.

"काका, काय सांगू? अंगात बरा ना म्हणू?"

"ना. लघवीची तकरार म्हण. मोठ्यान. माका लाज दिसली म्हणान उशीर झालो, ता पण सांग."

रुद्रेशने सगळं मोठ्याने सांगितलं. सभामंडपातले पुरुष जमिनीकडे बघत राहिले. मग बायकांच्या बाजूने समीक्षाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मागोमाग सगळ्यांचा.

सोमवारी समीक्षा दवाखान्यात आली, तेव्हा बाकावर वाड्यावरचे पुरुष बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण उठूनही कुणी गेलं नाही.