की जोयोचं न वाजवलेलं अंडं

पोरीच्या अंगावरून उतरवलेलं अंडं फुटलं आणि अख्खं अंगण "या अल्लाह!" म्हणत दोन पावलं मागे सरकलं. वाडग्यातल्या बलकात तीन गंजक्या सुया पडल्या होत्या, आणि केसांचा एक गुंता.

"बघा नीट!" मांत्रिक जोयोने, ज्याला सगळे मानाने 'की जोयो' म्हणत, वाडगा सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला. "चारशे वर्षांचा जिन्न आहे हा. स्लामेत डोंगरावरचा, ब्रह्मचारी. पोरीवर जीव जडलाय त्याचा."

"चारशे वर्षं थांबला आणि बायको आमच्याच गल्लीत मिळाली होय?" मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजारणीने त्याला कोपराने ढोसलं.

विनार्ती चटईवर मान खाली घालून बसली होती. तिची आई तार्मी तिला खेटून बसली होती. हे तिसरं अंडं. पुढच्या शुक्रवारी चौथं फुटलं की विनार्तीला की जोयोच्या रानातल्या मठीत न्यायचं ठरलं होतं. चाळीस दिवस आईचं तोंड बघायचं नाही आणि दवाखान्याचं तर नावच काढायचं नाही. जिन्नासाठी एक काळा बोकड लागणार होता. जिन्न ब्रह्मचारी असला तरी खाण्यापिण्याचा शौकीन होता.

तार्मी तरी काय करणार? गेली दोन वर्षं घरात वादळ होतं. सकाळी पोरगी गळ्यात पडायची, "माक, तुझ्यासारखी आई कुणाची नाही." संध्याकाळी बश्या फोडायची, "तू माझी आईच नाहीस!" होणारा नवरा तार्नो मासेमारीच्या बोटीवर असे. घरी असेतोवर तो देव, फोन उचलला नाही की राक्षस. दोनदा तिने स्वतःलाच इजा करून घेतली. दुसऱ्यांदा जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर इस्मावती भेटल्या. त्यांनी तार्मीला एवढंच सांगितलं होतं, "असं झालं की त्याच्या आधी काय घडलं ते टिपून ठेवा."

तार्मीला लिहायचा कंटाळा. पण ब्रेबेस गावात खारवलेली बदकाची अंडी करणाऱ्या बाईला तारखा टिपायची सवय असतेच. अंड्यांचा कुठला घाणा कधी मुरत घातला आणि बाजाराला कधी जायचं, ते ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहायची. त्याच्याच शेजारी वादळाच्या दिवशी एक फुली मारू लागली. मग शेजारपाजारचे म्हणाले, हे दवाखान्याचं काम नव्हे. आणि की जोयो आला.

शुक्रवारी अंगण पुन्हा भरलं. विनार्तीच्या दवाखान्याच्या दोन खेपा चुकल्या म्हणून डॉक्टर इस्मावती स्वतःच स्कूटरवरून आल्या. पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरल्या आणि भिंतीपाशीच थबकल्या.

"तार्मीबाई, या फुल्या बघितल्यात? सगळ्या तुमच्या बाजाराच्या दिवशी. नाहीतर तार्नोची बोट सुटते त्या दिवशी. तुमच्या जिन्नाला बसचं वेळापत्रक तोंडपाठ आहे हो!"

तार्मीने फुल्यांवरून बोट फिरवलं. इतके महिने ती स्वतःच लिहीत होती आणि एकदाही तिने ते वाचलं नव्हतं. तिला स्वतःचा रागच आला.

दोघी अंगणात आल्या तेव्हा की जोयोने पोरीवरून उतरवायचं अंडं थाळीत ठेवलं होतं. नेहमीसारखंच राखेच्या आणि विटेच्या भुकटीच्या लेपात घोळवलेलं. या गावात सगळीच अंडी तशा लेपात मुरतात, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर ते आलं नव्हतं.

"एक विचारू?" डॉक्टर हळूच म्हणाल्या. "अंडी घेताना तुम्ही काय बघता?"

"दोन अंडी एकमेकांवर वाजवते. मग दिव्याला धरते. चीर असली तर खारात सडतं ना."

"आणि हे वाजवलंत?"

"इश्श! मंतरलेलं अंडं कोण वाजवणार?"

पण बोलता बोलता तार्मीचा हात थाळीकडे गेलाच. चाळीस वर्षांची सवय ती! शेजारी ठेवलेल्या घाण्यातलं एक अंडं घेऊन तिने त्यावर टिचकीसारखं वाजवलं. आवाज आला ठस्स, चिरलेल्या अंड्यासारखा.

"हात लावू नकोस!" की जोयो ओरडला. "जिन्न तुझ्यात शिरेल!"

तार्मीचं लक्षच नव्हतं. तिने अंगठ्याने लेप पुसला. खालच्या टोकाला भोक बुजवणारी मेणाची टिकली निघाली. अंडं तिने अंडी पारखायच्या बल्बच्या खोक्यावर, उजेडाच्या भोकापाशी धरलं. उजेडात तीन काळ्या रेघा स्वच्छ दिसल्या. अंगणातल्या प्रत्येक बाईने आयुष्यभर अंडी पारखली होती. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"जिन्न... जिन्न आधीच अंड्यात येऊन बसला," की जोयो अडखळला.

"म्हणजे पोरीच्या अंगात नव्हताच की!" तार्मी म्हणाली. "मग तीन आठवडे काय काढत होतास?"

अंगणात असा हशा पिकला, की जोयो चप्पल घालायलाही थांबला नाही. बोकड मात्र निवांत चरत राहिला.

हसू ओसरलं तेव्हा विनार्तीच्या हुंदक्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

"जिन्न नाही तर मग मीच वाईट ना? आता सगळे म्हणणार, नाटकं करत होती."

दोघीतिघी तेच म्हणायच्या बेतात होत्या. डॉक्टर तिच्याजवळ चटईवर बसल्या.

"अंडं खोटं होतं, विनार्ती. तुझं दुखणं खरं आहे. त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. काही अंड्यांचं कवच पातळ असतं, आत काही बिघडलेलं नसतं. तसं तुझं. माणूस उठून गेलं की तुला वाटतं, कायमचं गेलं. आणि त्या वाटण्याचे घाव फार खोल बसतात. हे शिकून आवरता येतं. दर आठवड्याला यायचं आणि बोलायचं. लाट आली की तिला नाव द्यायचं, गार पाण्याने तोंड धुवायचं, जिवाला धोका वाटला तर लगेच फोन करायचा."

"किती दिवस?" तार्मीने विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष. मधे पुन्हा बिघडेलही."

"की जोयो चाळीस दिवसांत करत होता!" एक म्हातारी हिरमुसली.

"आजी, अंडं मुरायला तुम्ही पंधरा दिवस देता. ही तर माणूस आहे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी निघताना तार्मीने एका अंड्यावर कोळशाने लिहिलं, 'सहाला परत', आणि ते लेकीच्या हातात दिलं.

"जा! येऊच नकोस!" विनार्ती किंचाळली. तार्मी म्हणाली, "येणार. सहाला." आणि बस धरली.

नेमकी बस उशिरा आली. तार्मी धावतच दारात शिरली. ओट्यापाशी एका बशीचे तुकडे होते. विनार्तीचे केस कपाळावर ओले चिकटले होते. तार्मीने आधी तिचे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले. नवी जखम नव्हती.

"वीस मिनिटं उशीर झाला तुला, माक."

"झाला खरा. चुकलंच माझं."

"मी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता."

तार्मीला रडूच फुटलं. मग तिने भिंतीवर त्या दिवसाची फुली मारली आणि तिच्याभोवती एक गोल काढला.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत कुणाच्या अंगात येत असेल. तेव्हा वाडग्यात काय पडलं ते बघू नका. त्याच्या आधी घरात काय घडलं ते विचारा, आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. दरम्यान कुणी मंतरलेलं अंडं घेऊन आलाच, तर भीड न धरता ते वाजवून बघा.

'सहाला परत' लिहिलेलं अंडं त्या दोघींनी भातासोबत अर्धं अर्धं खाल्लं. जरा जास्तच खारट होतं, एवढंच.