शून्य चुकांचे प्रकरण

गुरुवार, १४ मार्च २०२४. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी सूनबाईने दिलेली शहाण्णव पाने तपासायला घेतली. तिच्या कंपनीने एका रक्ततपासणी प्रयोगशाळेचे जुने सॉफ्टवेअर नव्याने तयार केले होते. त्याची ही वापरपुस्तिका संध्याकाळी पाचला प्रयोगशाळेच्या हवाली करायची होती. तिच्या एकटीच्या जबाबदारीवरचे हे पहिलेच काम. माझ्याकडे फक्त व्याकरण होते: चुकलेली लिंगे, निसटलेली विभक्ती, कर्त्याशी फारकत घेतलेली क्रियापदे.

तंत्रनिकेतनात शिकल्यापासून मोजल्याशिवाय माझे समाधान होत नाही. दुपारी एकपर्यंत त्रेसष्ट चुका सापडल्या. त्या प्रकरणवार मांडल्या, तेव्हा प्रत्येक प्रकरणात पाच ते बारा निघाल्या. सातव्यात मात्र एकही नाही. मला राहवेना.

"हे प्रकरण कोणी लिहिलं गं?"

"चूक नाही, हीसुद्धा तक्रारच का बाबा?" ती हसली. "जुन्या पुस्तिकेतून जसंच्या तसं उचललंय. दहा वर्षं घासूनपुसून लख्ख झालेलं आहे."

"चालू यंत्राच्या दाबमापकाचा काटा शून्यावर दिसला, की आम्ही आधी काचेवर टिचकी मारायचो."

"मारा टिचकी. पण उशीर झाला, तर साहेब माझ्या डोक्यात टपली मारतील!"

सातवे प्रकरण हरवलेल्या नोंदी परत मिळवण्याचे होते. तिच्या सरावाच्या संगणकावर आम्ही काल्पनिक रुग्णांच्या दोनशे नोंदी भरल्या, राखीव प्रत घेतली आणि पुस्तिकेप्रमाणे चाललो. पहिली पायरी: नोंदींचा साठा रिकामा करा. दुसरी: राखीव प्रत भरा. भरायला प्रतच उरली नव्हती.

सूनबाईचा चेहरा उतरला. "नव्या सॉफ्टवेअरमध्ये साठ्याबरोबर राखीव प्रतही पुसली जाते. हा बदल मीच सुचवला होता, बाबा. आणि हे प्रकरण चांगलं आहे म्हणून मी उघडूनही पाहिलं नाही. खऱ्या रुग्णांचे अहवाल गेले असते!"

"गेले नाहीत ना? मग लिहायला बस. दोन वाजलेत."

ती एकेक पायरी लिहीत गेली; मी लिहिले तेवढेच करत गेलो, मनाचे काही नाही. मध्येच माझी पेन्सिल एका विरामचिन्हाकडे वळली.

"बाबा, विराम नंतर! आधी बटण दाबा."

पावणेपाचला शेवटची चाचणी झाली. दोनशेपैकी दोनशे नोंदी परत आल्या.