हमूदचा शेजारी

"एवढा भात कुणासाठी?" हानानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

पायस मोठ्या पातेल्यावर वाकलेला होता. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर आणि त्यावर अॅप्रन. वसईचा हा माणूस ओमानमधल्या जबल अख्दर डोंगरावरच्या थंडीला इतक्या वर्षांत सरावला नव्हता, आणि सरावायचा त्याचा विचारही दिसत नव्हता.

"माणसं येतील," तो म्हणाला. "शेजारी वारला. मयताच्या घरचे तीन दिवस स्वयंपाक करत नाहीत इथं. शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं."

"मग बाकीचे शेजारी कुठं आहेत?"

पायसनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "बाकीचे नाहीत. मीच आहे."

हाना आणि तिचा नवरा चेक देशातून डोंगर चढायला आले होते. नवरा सकाळीच काठ्या घेऊन निघून जाई, हाना मात्र गावातच रेंगाळे. गाव तरी कसलं, कड्याला चिकटलेली दगडमातीची तीसेक घरं, निम्म्यांची छपरं आत आलेली. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात डाळिंबं, अक्रोड आणि गुलाब. डोंगराच्या पोटातून निघालेला दगडी पाट, ज्याला इथं फलज म्हणतात, सगळ्या शेतांना पाणी देत खाली जायचा. पन्नासच्या दशकातल्या लढाईत या डोंगरावर विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा माणसं गुहांत जाऊन राहिली आणि नंतर परतली. बॉम्बना न हटलेलं गाव पुढं शाळा, दवाखाना आणि डांबरी रस्त्यासाठी आपणहून उठून खाली निझवा शहरात गेलं.

गुलाबपाणी काढणाऱ्या एका कुटुंबाच्या रिकाम्या घराचं मस्कतच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, लॉज केलं आणि तिथं आचारी, मॅनेजर, झाडूवाला असा सगळा मिळून एक पायस आणून ठेवला. शेजारच्या घरात हमूद राहायचा. मुलानं निझव्याला दुमजली घर बांधलं, एसी लावला, तरी म्हातारा शेळ्या सोडून हलला नाही.

दोघांचं जमायचं म्हणजे भांडणातच जमायचं. हमूदच्या शेळ्यांनी पायसचे वालाचे वेल खाल्ले की पायस मराठीत शिव्या द्यायचा आणि हमूद त्या शांतपणे ऐकून घेऊन वर कॉफी प्यायला बोलवायचा. लॉजवरच्या पाहुण्यांना गावाचा इतिहास सांगायचं काम हमूदचं. तो हातवारे करत पाव तास बोले आणि पायस त्याचं इंग्रजी दोन वाक्यांत उरकी. पाहुणे संशयानं बघत. "बस, इतनाच बोला?" असं हमूद विचारी, आणि पायस म्हणे, "बाकी सब बकरी का था."

पायसचा बाप वसईला वारला तेव्हा पुरानं घाट तुटला होता. विमान सोडाच, खालचा चेकपोस्टही गाठता येईना. मातीला जाता आलं नाही. त्या तीन दिवसांत हमूद सकाळ-संध्याकाळ जेवणाचं ताट घेऊन यायचा, समोर ठेवायचा आणि पायसचं खाऊन होईपर्यंत बसून राहायचा. असा माणूस गेल्यावर आपण गप्प बसायचं, हे पायसला पटणारं नव्हतं.

हमूदला छातीत दुखतं म्हणून महिन्यापूर्वी मुलानं, सालेमनं, निझव्याला नेलं होतं. मेल्याची बातमी फोनवर कळली. पुरलंही तिथंच. पण मजलिस, म्हणजे लोकांनी भेटायला येऊन बसायची खोली, ती गावातच भरणार असं पायसनं धरून टाकलं. मागच्या दोन-तीन मयतांना तसंच झालेलं, गाड्या भरभरून लोक वर आले होते. त्यानं मजलिस झाडली, गालिचे उन्हात टाकून परत अंथरले, खजूर काढले, कॉफी उकळली. संध्याकाळपर्यंत दारात मांजर तेवढं येऊन गेलं.

फोनवर फ्लॉरेन्स, त्याची बायको, वैतागली.

"अहो, तुम्ही कोण लागता त्यांचे? पोटचा मुलगा आहे ना त्यांना?"

"शेजारी लागतो."

"शेजारी! नोकरीसाठी राहणारे तुम्ही. उद्या अर्बाब म्हणाला खलास, तर तुमची बॅग बाहेर. आणि कुणी आलंच नाही तर एकटेच बसणार त्या खोलीत? लोक हसतील."

"हसायला इथं आहे कोण?" पायस म्हणाला. तिनं गुडघ्याचं औषध घेतलं का विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाजीपाला घेऊन इम्रान आला. हा रत्नागिरीचा पोरगेला ड्रायव्हर, निझव्यातल्या प्रत्येक घरची खबर त्याच्याकडे असायची. पातेलं बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"चाचा, कोण नाय येनार वर. सालेमनं खाली हॉल घेतलाय. काय गर्दी हाय म्हनून सांगू! जेवन हाटेलातून येतंय."

पायस पळी धरून उभा राहिला. हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. घरं खाली गेली, कबर खाली गेली, तर बसणं तेवढं वर कशाला राहील?

"बसा गाडीत," इम्रान म्हणाला. "यल्ला. भेटून या, सांजच्याला आनून सोडतो."

पायसनं टोपी काढून हातात घेतली. जावंसं त्याला फार वाटत होतं. पण त्या हॉलमध्ये तो कोण असणार होता? शेकडो पांढऱ्या पायघोळ दिशदाशांत स्वेटर घातलेला एक हिंदी आचारी. हात मिळवायचा, खजूर खायचा, बाहेर यायचं. हमूदची शेळी कुठला वेल आधी खायची हे त्यांतल्या कुणाला ठाऊक होतं? आणि आपण तिकडे गेलो नि इकडे कुणी चुकूनमाकून आलं, तर हमूदच्या गावात दार बंद असायचं. ते त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

"नाय रे. लॉजवर गेस्ट आहेत," तो म्हणाला. "तू हा भात ने. रस्त्याच्या कामावरच्या पोरांना दे."

"मंग उद्या तरी चूल पेटवू नका."

"उद्या तिसरा दिवस आहे," पायस म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं भात टाकलाच. मटण संपलं होतं, म्हणून चणाडाळ घातली. दुपारी तो मजलिशीत जाऊन भिंतीला टेकून बसला. समोर थर्मास, खजुरांची ताटली, पालथे घातलेले कप. त्याला एकटं वाटलं, अगदी उघड एकटं. वसईला असता तर शेजारी येऊन बसले असते, कुणी माळेची प्रार्थना म्हटली असती. इथं रडायचीही सोय नव्हती, कारण रडणाऱ्याला गप्प करायला समोर माणूस लागतो.

दारात बूट काढल्याचा आवाज झाला. हाना आत आली. डोक्यावरून ओढणी घेतली होती, कुणी सांगितलं कोण जाणे. तिनं पायसचा हात हातात घेतला, "वाईट झालं," म्हणाली आणि शेजारी बसली. त्यानं कॉफी ओतली.

"आमचंही लॉजच आहे," ती म्हणाली. "सरहद्दीजवळच्या जंगलात. पूर्वी तिथं गाव होतं, जर्मन बोलणाऱ्यांचं. लाकूडतोडे, काचेचे कारागीर. युद्ध संपल्यावर सगळ्यांना गाड्यांत घालून देशाबाहेर पाठवलं. घरं पाडली. आमचं घर जंगलखात्याचं, म्हणून राहिलं."

"आणि गाव?"

"झाडी वाढली. पण जंगलात मधेच सफरचंदाचं झाड दिसलं की समजायचं, इथं घर होतं. एक म्हातारी दर सप्टेंबरात पलीकडून यायची. अशाच एका झाडाखाली बसायची. मी सूप न्यायची. तिची भाषा मला धड येत नाही, माझी तिला येत नव्हती. दोन वर्षं झाली, ती आली नाही. कळवणार कोण? मी कोण तिची?"

पायसनं उठून भात आणला आणि दोघांनी एका परातीत जेवण केलं. हाना चमच्यानं, पायस हातानं. जेवून ती नवऱ्याला बघायला वरच्या वाटेनं गेली.

ऊन कलताना खाली गाडी थांबली. सालेम एकटाच चढून आला. तीन दिवस लोकांना भेटून त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. बापाचं घर बंद करायला आणि शेळ्या विकायचं बघायला तो आला होता. मजलिशीचं दार उघडं बघून आत डोकावला आणि थबकला. झाडलेली जमीन, थर्मास, परात, कप.

"पायस, ये क्या? इधर कौन आया?"

"कोई नहीं आया."

"तीन दिन?"

"तीन दिन."

पायस घाईघाईनं उठला. अॅप्रन काढायचा राहून गेला होता, तो त्यानं मागं गुंडाळला. मयतघरच्या माणसाला म्हणायचं ते अरबी वाक्य त्याला चांगलं येत होतं, इतक्या वर्षांत किती जणांना म्हणून झालं होतं. त्यानं हात पुढं केला, पण सालेमनं तो दोन्ही हातांनी धरला आणि आधी स्वतःच म्हणाला, "अहसनल्लाह अझाक, पायस." अल्लाह तुझ्या दुःखाला धीर देवो.

या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते पायसला येत नव्हतं. आजवर त्याला हे कुणी म्हटलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि तोंडातून निघालं ते मराठीच निघालं.

"बस," तो म्हणाला. "जेवून जा."

सालेमनं चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसला. पायसनं त्याच्यासाठी भात वाढला.