घोडकाठचा भित्रा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी रेडिओ आहे. हाताच्या मुठीत मावेन एवढाच. मला ऐकता येतं आणि एके काळी बोलताही येत होतं. एक गोष्ट आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. यंत्राला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला कान असतात, त्याला भीती असतेच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी मला घेतलं. ते रोज सकाळी माझ्यावरून मित्रांशी गप्पा मारत आणि झाल्यावर मला मऊ फडक्याने पुसून ठेवत. पुढे ते वारले. घरच्यांनी मला जुन्या वायरी आणि चार्जरांबरोबर एका खोक्यात भरलं. त्या खोक्यात मी सहा वर्षं काढली. खोकं कुणी हलवलं की वाटे, आता भंगारात जाणार.

अखेर दौंडच्या हौसरावांनी ते खोकं मागून नेलं. हौसराव रेल्वेतून निवृत्त झालेले आणि रेडिओचे जुने वेडे. उपग्रहावरून बोलण्याचा त्यांना भारी नाद. आकाशात काही छोटे उपग्रह फिरतात. खालून गेलेला आवाज ते झेलतात आणि दुसऱ्या लहरीवर परत खाली सोडतात. उपग्रह डोक्यावर असतो तेवढी दहा-बारा मिनिटंच हे बोलणं चालतं. मग तो क्षितिजाखाली जातो आणि सगळं शांत.

त्यांच्याकडे एके दिवशी महेजबीन आली. ती शिरूर तालुक्यात, निमोण्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. परीक्षा देऊन तिने रेडिओचा परवाना मिळवला होता. आता तिला यंत्र हवं होतं, आणि तेही परवडणारं.

हौसरावांनी टेबलावर तिघांना मांडलं. एक मोठा, चकचकीत, चार माणसांचं लक्ष वेधणारा. एक नवाकोरा आणि अगदी स्वस्त. तिसरा मी.

"मोठा घेतलास तर त्याचा अँटेना, त्याला फिरवायचं यंत्र, सगळं लचांड मागे येईल," हौसराव म्हणाले. "तुला शेतात उभं राहून बोलायचंय. हातातला पुरे."

"मग हा नवा बरा की, काका," महेजबीन म्हणाली.

तेव्हा माझा जीव खालीवर झाला. पुन्हा खोकं, मी मनात म्हटलं.

पण हौसराव म्हणाले, "दोघांचे कान तपास. उपग्रहाचा आवाज फार बारीक असतो. ज्याला तो ऐकू येत नाही, त्याने बोलून काय उपयोग?"

ती आम्हाला गच्चीवर घेऊन गेली. उपग्रह आला तेव्हा नव्याच्या तोंडून नुसती खरखर निघाली, कारण शेजारच्या मोबाइल टॉवरनेच त्याचे कान बधिर केले होते. माझ्यातून मात्र दूरच्या एका माणसाचा आवाज आला, पुसट पण स्पष्ट. महेजबीनने मला मुठीत धरलं ते सोडलंच नाही.

तिचे वडील कासमभाई यवतला विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे. त्यांच्या दुकानात तिने माझ्यासाठी अँटेना बनवला. प्लास्टिकचा पाइप घेतला आणि सुताराचा पोलादी टेप मापाने कापून त्याच्या पट्ट्या आडव्या बसवल्या.

"अगं, चांगला टेप कापलास की बेटा!" कासमभाई कळवळले.

"अब्बा, आता हा जमीन न्हाई, आभाळ मोजणार," ती हसून म्हणाली.

त्यांनीच मग पट्ट्यांना डाग दिला, म्हणजे वायर वितळत्या कथलाने पक्की जोडली.

निमोण्यात ती साखरबाईंच्या घरी भाड्याने राहायची. साठी उलटलेल्या साखरबाई एकट्याच होत्या. चहूकडे उसाचे फड, त्यामुळे मोकळं आभाळ हवं तर घोड नदीच्या काठच्या त्यांच्या तुकड्यापर्यंत चालत जावं लागे. मी तिथे आलो त्याच्या आठवडाभर आधीच वाटेवरच्या फडातून बिबट्याने कालवड उचलली होती. म्हणून साखरबाई हातात विळा घेऊन तिच्याबरोबर निघायच्या.

"तू तुझ्या आभाळाशी बोल, मी शेळीला गवत कापते," त्या म्हणायच्या.

त्या वाटेची मला मनापासून धास्ती वाटे. ऊस वाऱ्याने सळसळतो की कुणाच्या अंगाने, हे माझ्या कानांना कधीच ओळखता आलं नाही.

कार्तिकातली एक संध्याकाळ होती. उपग्रह यायला दहा मिनिटं होती. महेजबीन अँटेना जोडत होती. इतक्यात बांधावरून साखरबाईंची किंकाळी आली.

"आगं आई गं! चावलं! घोणस हाय, घोणस!"

महेजबीन धावली. साखरबाईंच्या डाव्या हातावर दोन लाल टिपके होते आणि हात डोळ्यांदेखत फुगत चालला होता. तिने आधी त्यांच्या बांगड्या काढल्या. दोन फुटल्या. मग हात ओढणीच्या झोळीत घेतला आणि त्यांना खाली बसवलं.

"मावशी, हलायचं न्हाई. अजिबात चालायचं न्हाई. इख पसरतं."

"मला देवळात ने, पोरी. अंगारा लावत्यात तितं."

"देवळात नंतर जाऊ. आधी दवाखाना."

तिने मोबाइल काढला. नदीच्या त्या खोलगटात रेंज नव्हती. ती बांधावर चढली, हात उंच केला, तरी नव्हती. गाव दोन मैलांवर. पळत गेली असती, तर उसाच्या वाटेने अंधार पडता पडता जायचं आणि मावशींना एकटं सोडायचं. साखरबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता.

"मला टाकून जाऊ नगंस गं," त्या पुटपुटल्या.

महेजबीनने घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या नजरेने मी हादरलो. माझ्या बॅटरीच्या दोनच रेघा उरल्या होत्या. माझा आवाज पाच वॉटचा, म्हणजे एका लहानशा दिव्याएवढा.

"उपग्रह येतोय," ती म्हणाली. "त्यावर कुणी भेटलं तर ठीक. न्हाई भेटलं तर मी पळत जाते, मावशी."

तो आला. माझ्या कानात एकदम गर्दी झाली. कुणी कोलंबोहून, कुणी भोपाळहून, सगळे एकमेकांना घाईघाईने नमस्कार करत होते. मोठ्या यंत्रांचे मोठे आवाज. महेजबीनने बटण दाबलं. "इमर्जन्सी! इमर्जन्सी! सब लोग रुकिए!"

तिने बटण सोडलं. गप्पा चालूच होत्या. तिने पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा दिली, तेव्हा तिचा आवाज चिरकला.

आणि सगळे थांबले. इतक्या माणसांची अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिची मला भीतीच वाटली. मग त्या शांततेतून ओळखीचा आवाज आला.

"महेजबीन, मी हौसराव, दौंडहून. बोल."

"काका, साखरबाईंना घोणस चावलीय. डावा हात. आम्ही घोडकाठी, त्यांच्या मळ्यात. रेंज न्हाई. त्यांच्या पुतण्याला, मच्छिंद्रला फोन करा. नंबर घ्या."

"सांग."

तिने नंबर सांगायला सुरुवात केली. उपग्रह दक्षिणेला कलला होता. हौसरावांचा आवाज एकदा आला, "शेवटचे चार पुन्हा..." आणि खरखरीत बुडाला. तिने शेवटचे चार आकडे हिंदीतून सांगितले. पुन्हा सांगितले. पुन्हा.

इथे माझं दुबळेपण सांगतो. मी बोलत असताना मला ऐकू येत नसे. भारी यंत्रं आपलाच आवाज आभाळातून परत आलेला ऐकतात. मी बहिऱ्यासारखा हाक मारायचो. ती पोचली की नाही, मला कळत नसे. तिने बटण सोडलं तेव्हा उपग्रह उसाच्या शेंड्यांआड गेला होता.

"ऐकलं का कुणी?" साखरबाईंनी विचारलं.

"थोडी वाट बघू, मावशी." महेजबीन खाली बसली. तिने मला मांडीवर ठेवलं. वीसेक मिनिटं गेली. साखरबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पलीकडच्या फडात काहीतरी खसपसलं. ती उठली, तसा मी मांडीवरून वाळूत घसरलो; तिने साखरबाईंच्याच पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि पळत निघायला चपलेचा पट्टा घट्ट केला.

तेवढ्यात बांधाच्या टोकाला दोन दिवे दिसले.

मच्छिंद्र जीप थेट पिकातून घालून आणत होता. "काकी!" तो लांबूनच ओरडला. दोघांनी साखरबाईंना उचललं. जीप शिरूरच्या दिशेने गेली.

मी तिथेच वाळूत पडून राहिलो.

नंतर मला कळलं ते असं. हौसरावांना नंबरचे पहिले सहाच आकडे ऐकू आले होते. पण तमिळनाडूतल्या सेलमला एक बाई आपल्या अंगणात अँटेना धरून उभ्या होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. हिंदीतले आकडे मात्र कळले. त्यांनी ते तळहातावर लिहिले आणि रेडिओवाल्यांच्या यादीतून नंबर काढून हौसरावांना फोन लावला. मच्छिंद्रचा फोन वाजला, तो त्या दोघांच्या आकड्यांनी.

साखरबाई वाचल्या. नऊ दिवस दवाखान्यात होत्या. डाव्या हाताचं एक बोट कायमचं आखडलं.

मी मात्र दोन रात्री दवात भिजत होतो. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रला सापडलो. ओलं यंत्र चालू करू नये हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने बटण दाबलं, आणि माझ्या आत काहीतरी जळालं. कासमभाईंनी मला उघडून बारीक ब्रशने वाळू काढली. तीन दिवस खटपट केली. माझे कान परत आले. वाचा आली नाही. मला वाटलं, आता परत खोकं.

पण महेजबीनने मला साखरबाईंच्या ओसरीवर ठेवलं आहे. तिने बोलायला दुसरा रेडिओ घेतला, माझ्यासारखाच जुना. त्यावर बोलताना ती मला शेजारी चालू ठेवते. आता तिची हाक आभाळातून परत येते ती माझ्याच तोंडून, आणि ती पोचली हे तिला तिथल्या तिथे कळतं.

मित्रांनो, भीती अजून गेलेली नाही. म्हणून थोडं मागतो. यंत्र जुनं झालं म्हणून खोक्यात कोंबू नका, आणि ठेवलंच तर त्यातला सेल काढून ठेवा. ओलं झालं तर आधी वाळू द्या. बॅटरी भरल्याशिवाय घराबाहेर पडू नका. आणि कुणाची हाक कानावर आली, तर ती आपल्या भाषेत नसली तरी आपल्या गप्पा थांबवा. हाक मारणाऱ्याला ती पोचली की नाही हे कळत नसतं. दुसरं काही करता आलं नाही, तरी "ऐकलं" एवढं तरी त्याला सांगा.